मुतखडा: मशीननं फोडला, दुर्बिणीनं काढला की आपोआप पडला? अनुभव सांगा

लातूरहून, धागा काढणारा
रात्री दोनला कमरेत कळ निघाली ती थेट जांघेत उतरली. फरशीवर अक्षरशः लोळलो. सोनोग्राफीत 11 मिमीचा खडा. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घोटघोट प्यायची सवय लागली ती काही सुटली नाही. एक डॉक्टर म्हणतात बाहेरून धक्के देऊन खडा फोडणारं बिनटाक्याचं मशीन, दुसरे म्हणतात दुर्बीण आणि लेसर. माय म्हणते हुलग्याचं पाणी पी. खर्च सगळेच सांगतात. नंतर काय काय झालं ते लिहा.

परभणी
माझा 9 मिमी, मशीननंच फोडला. पाण्याच्या रबरी उशीला पाठ टेकवून झोपवतात आणि टक टक टक सुरू. पाठीवर कुणी रबर ताणून सोडावं तसं लागतं. संध्याकाळी घरी. दोन दिवस लघवी लालसर. चहाच्या जुन्या गाळणीत रोज वाळू पडायची, ती डबीत जमवून तपासायला दिली. चुरा उतरतानाची कळ मात्र कुणी सांगितली नव्हती.

अंबाजोगाई
ताई, तुमचं नशीब. माझा 14 मिमी, किडनीच्या खालच्या कप्प्यात. दोनदा मशीन झालं, खडा जागचा हलला नाही. मग तिसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. घनता 1300 च्या वर, म्हणजे दगड कडक. शिवाय रांजणाच्या तळातला गाळ आपोआप वर येतो का? फुटला असता तरी चुरा तिथंच बसला असता. शेवटी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेसरनं काढला. सीटी आधी केला असता तर दोन वेळचे पैसे आणि दोन महिने वाचले असते. राग अजून आहे.

नांदेड
वडिलांचा 26 मिमी. एवढ्या मोठ्याला पाठीतून छोटं छिद्र पाडून काढतात. चार दिवस दवाखान्यात, पण एका झटक्यात मोकळे. त्यांची रक्त पातळ करायची गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच बंद केली होती. हे आपल्या मनानं करू नका.

बीड
माय ऊसतोडीला जायची. फडात आडोसा नाही, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. तिचा 6 मिमीचा खडा किडनीतून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीच्या पार खालच्या टोकाला होता. नळी सैल करणाऱ्या गोळ्यांवर तीन आठवड्यांत पडला. मधे एकदा थंडी वाजून ताप आला तेव्हा डॉक्टरांनी रात्रीच भरती करून घेतलं. खडा अडकलेला असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते म्हणे.

जालना
लेसरनंतर ‘डीजे टाकलाय’ म्हणाले. मला लग्नातला आठवला! आत ठेवलेली बारीक नळी असते ती. दर अर्ध्या तासाला लघवी, वाकलं की टोचणी. तीन आठवडे ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास झाला. काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा राव. आमच्या गावातल्या एकानं वर्षभर काढलीच नाही, नळीवरच नवे खडे धरले.

लातूर
सीटी केला. वरचा कप्पा, घनता 650. मशीनच करायचं ठरलंय, गुरुवारी. गाळणी आणली. मायनं हुलगे भिजत घातलेच. म्हणे खड्यासाठी नसेना, माडगं म्हणून तरी पी.