सीएसआरचा पैसा छोट्या संस्थेला मिळतो, पण आधी हे करा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या सीएसआरचे, म्हणजे समाजकामासाठी काढलेले, पैसे मोठ्या संस्थांनाच देतात, गावच्या वर्गांना कोण विचारतंय असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. बऱ्याचदा अडतं ते कागदावर. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घेणाऱ्या संस्थांची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) नसेल तर कंपनीची इच्छा असूनही तुमच्या ट्रस्टला तो पैसा देता येत नाही, आणि त्या नोंदणीला आधी आयकर खात्याचं १२ए (संस्थेला करसवलत) नि ८०जी (देणगीदाराला करसवलत) लागतं, वर तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव.

आमचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मुलांचा वाचनवर्ग आहे, पैसे मागायला कंपनीत गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी फोटो बाजूला ठेवले नि विचारलं, जूनमध्ये किती मुलं अडखळत होती आणि आता किती सरळ वाचतात. आमच्या बाई प्रत्येक मुलाचं वाचन वहीत तारखेनिशी लिहितात, कुठल्या जोडाक्षराला अडला तेसुद्धा, ती वहीच मॅडमनी पानन् पान चाळली आणि चक्क बाईंच्या मानधनाला हो म्हणाल्या, एरवी सगळ्यांना बेंच नि कंप्युटरच द्यायचे असतात. नोंदणी होईपर्यंत ओळखीचे देणगीदार धराच, पण वही आजपासून सुरू करा.