मदत हवी आहे : नवऱ्याचा मायलोमा, न संपणारे उपचार आणि घराची घडी

सोनटक्का

नवऱ्याला मल्टिपल मायलोमा आहे, वय ५२. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास निदान झालं. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. गाठ हाताला लागत नाही. हाडं आतून पोखरली जातात, हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. नवऱ्याच्या बाबतीत पाठदुखीने सुरुवात झाली. धायरीहून भोसरीला टूलरूममध्ये रोज बाइकवर जाणारा माणूस, पाठ दुखणारच असं सगळ्यांनी धरलं. पट्टा, शेक, गोळ्या झाल्या. मग एक मणका दबला आणि एमआरआय, रक्त, बोन मॅरो अशी रांग लागली.

उपचारांबद्दल तक्रार नाही, गुणही चांगला येतोय. आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल २१ दिवस आणि मग ७ दिवस सुट्टी, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, हाडांसाठी महिन्याला सलाइन. आता अस्थिमज्जेच्या ट्रान्सप्लांटचं बोलणं चालू आहे. त्यानंतरही कमी डोसची कॅप्सूल चालूच राहणार, आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंत. हा आजार मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवता येतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं होतं.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. निदान झालं तेव्हा सगळं घर एका मोठ्या संकटासाठी कंबर कसून उभं राहिलं. दीर नाशिकहून येऊन राहिले, नणंदेने कोथरूडहून डबे पाठवले, माझ्या बँकेने रजा दिली. हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले, आणि ते बरोबरच आहे, कोणी किती दिवस थांबणार? पण लोक अजून फोनवर विचारतात, "संपली ना केमो?" संपली नाही, संपणार नाही, हे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगणं हे वेगळंच काम होऊन बसलंय. आम्हाला तीन महिन्यांची नाही, पुढच्या दहा वर्षांची घडी बसवायची आहे. ती कशी बसवतात?

पहिली अडचण डेक्साची. त्या दिवशी हा एकदम तरतरीत असतो, रात्रभर झोपत नाही, दोन वाजता कपाटं आवरायला काढतो आणि कोणी काही बोललं की भडकतो. लग्नाला तेवीस वर्षं झाली, या माणसाचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकलाय. मुलगी बारावीला आहे, ती त्या दिवशी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. मग दोन दिवसांनी तो गळून जातो, पलंगावरून उठत नाही, आणि "तुम्हाला माझा त्रास होतो" म्हणून डोळे भरतात. औषधाचा परिणाम आहे हे कळतं. पण त्या क्षणी समोर उभं राहून काय करायचं ते कळत नाही.

दुसरी अडचण मला जास्त टोचते. घरातली सगळी कामं एकेक करून त्याच्या हातातून काढून घेतली गेली. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गर्दीत जायचं नाही, हे खरंच आहे. पण गॅसचं बुकिंग, सोसायटीची कागदं, विम्याचं, मुलीच्या क्लासची फी, हेही आता मीच बघते. परवा मी नळ दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर हा दारात उभा राहून नुसता बघत होता. आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस आहे. त्याच्या हातात काय ठेवू, की त्याला झेपेल आणि ते नुसतं मन रमवायला दिलंय असंही वाटणार नाही?

ट्रान्सप्लांटचा अनुभव कोणाला असेल तर तोही सांगा. सासूबाई सारखं विचारतात की मॅरो कोण देणार, धाकट्याचा जुळेल का. किती दिवस राहावं लागतं, घरी आल्यावर काय जपायचं?

काढे, रस, आहाराने बरा झालेला कोणी ओळखीचा, असं कृपया सुचवू नका. मनापासून विनंती.

आंबेमोहर

सोनटक्का, माझ्या यजमानांचं आठवं वर्ष चालू आहे. आधी हे वाचून जरा दम घे.

डेक्साच्या दिवसासाठी आमच्याकडे कालनिर्णयवर लाल खूण असते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पैशांचा विषय नाही, पाहुणा नाही, मुलांच्या निकालाची चर्चा नाही. वाद आलाच तर "खूण आहे, परवा बोलू" एवढं म्हणायचं. हे त्यांनी स्वतः चांगल्या दिवशी कबूल केलेलं असलं पाहिजे, नाहीतर आपण त्यांना गप्प बसवतोय असं त्यांना वाटतं. गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर लगेच घेतल्या की रात्र थोडी बरी जाते. तरी झोप येत नसेल, चिडचिड फार असेल तर डॉक्टरांना सांग. डोस कमी करणं, विभागून देणं हे ते करतात, पण आपण सांगितलं तरच. माणसं ओपीडीत गेल्यावर "बरं आहे" म्हणतात आणि घरी आल्यावर बायकोला खरं सांगतात. साखरही तपासत राहा, डेक्साने वाढते.

तळपाय बधिर होतायत का, मुंग्या येतायत का ते विचार. बोर्टेझोमिबने नसांना त्रास होतो. वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो, अंगावर काढलं तर बधिरपणा राहू शकतो. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायला सांग.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, आधी हॉस्पिटलला फोन. पाठ दुखली म्हणून घरातली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, या आजारात मूत्रपिंडं जपायची असतात. नागिणीसाठी असायक्लोव्हिर दिलं असेल तर ते कंटाळून सोडू देऊ नकोस. आणि लेनालिडोमाइडची कॅप्सूल फुटलीच तर मुलीला हात लावू देऊ नकोस. ते थॅलिडोमाइडच्या कुळातलं औषध आहे, गर्भाला घातक.

पर्वतीपायथा

ताई, मी स्वतः मायलोमाचा पेशंट आहे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो.

फाइल त्यांना देऊन टाका. पूर्ण. आपल्या आजाराचे आकडे दर महिन्याला येतात: आजार किती आहे ते दाखवणारे एम प्रोटीन आणि फ्री लाइट चेन, शिवाय हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल. टूलरूमचा माणूस आहे, मोजमापाची नोंद ठेवणं त्यांच्या बोटांत आहे. त्यांना तक्ता करू दे, कोणत्या डोसनंतर काय झालं, झोप किती, मुंग्या कुठपर्यंत, हे लिहू दे. ओपीडीत प्रश्न त्यांनी विचारायचे, तुम्ही शेजारी बसायचं. माझे डॉक्टर माझी वही मागून घेतात, त्यात माझा किती जीव आहे ते सांगता येत नाही. आजारपणात सगळ्यात आधी जाते ती किंमत. मी घरात कशाचा तरी जबाबदार आहे, ही.

विम्याचे क्लेम, कराचं काम, फोनवर होणारी सगळी कामं त्यांचीच. आणि एकदा दिलं की मागून तपासू नका. चुकलं तर चुकलं, त्यांचं ते निस्तरतील.

ट्रान्सप्लांटबद्दल: दाता लागत नाही. स्वतःच्याच स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रक्तातून काढून गोठवून ठेवतात, मग मेलफॅलन या केमोच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि त्या परत सोडतात. दिराचं काही जुळवायचं नाही, सासूबाईंना सांगा. साधारण दोन-तीन आठवडे हॉस्पिटलात. केस जातात, पुन्हा येतात. मेलफॅलन चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे धरून ठेवायला सांगतात, त्याने तोंड कमी सोलवटतं. कंटाळा आला तरी सोडू नका. मधले काही दिवस रक्तपेशींचे काउंट तळाला जातात, तेव्हा तोंडाला चव नसते, बोलावंसं वाटत नाही. तेव्हा बोलकं करायला जाऊ नका, नुसतं खोलीत असणं पुरतं. घरी आल्यावर काही महिने गर्दी, शिळं, कच्चं टाळायचं, आणि लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. गणपतीत घरी माणसं येणार असतील तर आरतीला मोजकीच बोलवा, बाकीच्यांना फोनवर दाखवा.

सुईदोरा

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ट्रान्सप्लांटची तारीख ठरायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठून काय बसतं, काय नाही ते विचारा, मंजुरी आधी लागते. जुन्या करप्रणालीत असाल तर कॅन्सरच्या उपचारखर्चावर प्राप्तिकरात ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, कॅन्सरतज्ज्ञाची चिठ्ठी जपून ठेवा. दुसऱ्या मतासाठी परळला टाटात जायचं असेल तर रेल्वेत रुग्ण आणि सोबतचा एक माणूस दोघांना एसी चेअरकारला ७५ टक्के सवलत आहे, हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

आणखी एक, जरा जपून सांगते. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांचं, सेंटर आहे, १९९७ पासून, सगळं मोफत. नाव ऐकून घाबरू नकोस, तिथे फक्त शेवटच्या टप्प्यातलेच जातात असं नाही. उपचार चालू असताना दुखणं, झोप, मन यासाठीही जाता येतं, आणि घरातल्यांशीही ते बोलतात. धायरीपासून तुला फार लांब नाही.

तू तुझ्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. रजा संपली का? जेवतेस कधी?

सोनटक्का

सगळ्यांचे खूप खूप आभार. आंबेमोहर, आठ वर्षं हे वाचून मी खरंच रडले.

पर्वतीपायथा, फाइल काल दिली. "पूर्ण?" असं त्याने दोनदा विचारलं. मग रिपोर्ट तारखेने लावले, दोन गहाळ होते ते लॅबला फोन करून मागवले. मुलीकडून एक्सेलमध्ये आलेख कसा काढायचा ते शिकून घेतलं. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी आता माझ्यापेक्षा लांब आहे, त्यात मुंग्यांचाही प्रश्न आहे. मुंग्या येतात हे मला त्या यादीतूनच कळलं.

सुईदोरा, रजा संपली, सकाळी बँक आणि इंजेक्शनच्या दिवशी अर्धा दिवस, असं चाललंय. वारज्याला शनिवारी मी एकटीच जाऊन येणार आहे. त्याला सांगून जाईन.

आता एक नेमकं विचारते. ट्रान्सप्लांटच्या त्या दोन-तीन आठवड्यांत मुलीची पूर्वपरीक्षा येतेय. तारीख पुढे ढकलता येते का हे डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण नाही जमलं तर तिला घरी सासूबाईंबरोबर ठेवावं की नणंदेकडे? आणि तिने बाबांना भेटायला यावं की नको? मुलं दहावी-बारावीत असताना ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया लिहा.