सिरीयल कन्सोलवर लांब कमांड स्वतःवरच चढते, एसएसएचवर मात्र ठीक

निपाणी_हिशेब

आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत असतो. डेबियन आहे, मॉनिटर नाही, की-बोर्ड नाही. रोजचं काम एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, चालतं. पण राउटर रुसला, नाहीतर करंट येऊन-जाऊन स्विच अडकला, की लॅपटॉप (लिनक्स मिंट) घेऊन जिन्याखाली बसायचं, यूएसबी-सिरीयल केबल जोडायची आणि पिकोकॉम या सिरीयल प्रोग्रॅमनं आत शिरायचं. लॉगिन होतं. त्रास त्याच्या पुढं.

लांब कमांड लिहिली की ओळ खाली उतरत नाही, मागं येऊन स्वतःच्याच सुरवातीवर चढते. काय लिहिलंय ते मलाच वाचता येत नाही, आणि रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार हातात घेऊन, बसलेलं असताना हे बरं नव्हे. व्हीआय उघडला तर खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तुकडाभर दिसतो, बाकी काळं. सभासदांच्या फोल्डरची नावं मराठीत आहेत, चिकोडीकडच्या काहींची कन्नडमध्ये. एलएस केलं की त्या जागी आकड्यांची माळ. एसएसएचवर हेच सगळं नीट दिसतं. लॅपटॉप तोच, खिडकीही तीच.

इथल्या एकानं सांगितलं, रूटच्या बॅशआरसीत (बॅश शेल उघडताना वाचतं ती फाइल) टर्म, म्हणजे टर्मिनलचा प्रकार, एक्सटर्म-२५६कलर करून टाका. टाकू का?

खानापूर_रोड

प्रॉम्प्ट रंगीत केलाय का? पीएस१ मध्ये, म्हणजे प्रॉम्प्टच्या व्याख्येत, रंगाचे कोड उलट्या तिरक्या रेघेच्या चौकटी कंसात ठेवले नसतील तर बॅश ती अक्षरंही लांबीत मोजतं आणि ओळ अशीच चढते. आधी साधा प्रॉम्प्ट लावून बघा.

उद्यमबाग_वर्कशॉप

प्रॉम्प्टचं असतं तर एसएसएचवरही ओळ चढली असती. इथं कारण दुसरं आहे. ताई, बॅशआरसीला हात लावू नका, आधी काय होऊलंय ते बघा.

एसएसएच जोडताना लॅपटॉप सर्व्हरला तीन गोष्टी कळवतो: खिडकी केवढी, टर्मिनल कुठलं, आणि मिंटवरून जोडत असाल तर लँग म्हणजे भाषा-लिपी. खिडकी ओढून मोठी केली तरी ते पुन्हा कळवलं जातं. सिरीयलच्या तारेतून यातलं काही जात नाही, नुसती बाइट जातात. आमच्याकडं सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवतानाही तेच. मशीनला सात बिट, इव्हन पॅरिटी लागत असेल तर दोन्ही टोकांना आपणच सांगायचं, तार सांगत नाही.

सिरीयलवर बसून ‘एसटीटीवाय साइझ’ मारा. बहुतेक शून्य-शून्य येईल. आकार माहीत नाही म्हटल्यावर बॅश टर्मच्या नोंदीतला आकार धरतं. सर्व्हरवरच्या सेवा चालू करणारं सिस्टमडी सिरीयल लाइनला व्हीटी२२० देतं, ते १९८३ चं डेक कंपनीचं टर्मिनल, ८० रकाने आणि २४ ओळी. तुमची खिडकी त्याहून रुंद. बॅशला वाटतं ८० ला ओळ संपली, खिडकीला तसं वाटत नाही, म्हणून कर्सर त्याच ओळीच्या सुरवातीला येतो.

लॅपटॉपच्या दुसऱ्या खिडकीत, तेवढ्याच आकाराच्या, ‘एसटीटीवाय साइझ’ मारून आकडे बघा आणि सर्व्हरला सांगा: ‘एसटीटीवाय रोव्स ५० कॉल्स १६०’, आकडे तुमचे. दरवेळी नको असेल तर सर्व्हरवर रिसाइझ कमांड घ्या, डेबियनमध्ये ती एक्सटर्मच्या पॅकेजात येते. ती कर्सरला खाली उजव्या टोकाला ढकलते आणि खिडकीला विचारते, कुठं आहेस? येईल ते उत्तर म्हणजे आकार. खिडकी बदलली की पुन्हा मारायची.

टर्मचं. तुम्हाला सांगितलेला शब्द चूक नाही, जागा चूक आहे. पिकोकॉम स्वतः काही रंगवत नाही, बाइट तशीच पुढं सोडतं, म्हणून एक्सटर्म-२५६कलर तिथं चालतं. पण बॅशआरसीत घातलं तर ते टीमक्समध्येही (एका खिडकीत अनेक शेल चालवणारा प्रोग्रॅम) लागू होईल आणि तिथं पडदा विस्कटेल. प्रोफाइलमध्ये (लॉगिन करताना वाचली जाते ती फाइल) अट घालून लिहा: ‘टीटीवाय’ कमांडचं उत्तर टीटीवायएस० असेल तरच टर्म बदल आणि रिसाइझ चालव. टीटीवाययूएसबी० हे नाव तुमच्या लॅपटॉपच्या बाजूचं, ते इथं नको.

निपाणी_हिशेब

दादा, साइझला शून्य-शून्यच आलं. आकडे दिल्यावर ओळ खाली उतरते, व्हीआय पूर्ण उघडतो. प्रोफाइलमध्ये अटीसकट टाकलं. नावं मात्र अजून आकड्यांतच. आणि मधेच पडदा गोठतो, कुठलंच बटण चालत नाही.

उद्यमबाग_वर्कशॉप

गोठतो तेव्हा कंट्रोल-क्यू दाबा. सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबला जातो, आणि टर्मिनलला तो ‘थांब’ असा इशारा आहे. सीएनसीला हा इशारा लागतोच, मशीनची मेमरी भरली की तेच असं थांबवतं. सर्व्हरवर त्याच अटीत ‘एसटीटीवाय वजा आयएक्सऑन’ घाला, कटकट जाते.

नावांसाठी सर्व्हरवर ‘लोकेल’ मारा, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी दिसेल. लँग रिकामी असेल. ‘अपडेट-लोकेल’नं लँग सी.यूटीएफ-८ करा आणि बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. हा लोकेल डेबियनमध्ये आधीपासून असतो. मराठी लोकेलही लावता येतो, पण मी लावत नाही. एरर मराठीत आला तर शोधायचा कुठं?

वेगही बघा. ९६०० वर असाल तर सेकंदाला ९६० बाइट येतात, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. नुसतं ‘निपाणी’ १८ बाइट झालं. मोठी यादी असेल तर रांगत येते. ग्रबमध्ये (सर्व्हर सुरू करणारा बूटलोडर) कन्सोलच्या पुढं ११५२०० लिहा, पिकोकॉमलाही तेच सांगा.

खानापूर_रोड

बरोबर, प्रॉम्प्टचं नव्हतं. एक भर: उद्या कुणी सर्व्हरला थेट मॉनिटर जोडला तर तिथं मराठी-कन्नड नावं दिसणार नाहीत. कर्नलच्या कन्सोल फाँटात जास्तीत जास्त ५१२ चित्रं मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. तिथं लोकेल बदलत बसू नका.

निपाणी_हिशेब

लोकेल केला, नावं आली. कन्नडचीही. ‘क्ष’ जरा तुटका दिसतो आणि मराठी नाव खोडताना कर्सर एखादं घर इकडंतिकडं होतो.

उद्यमबाग_वर्कशॉप

ते लॅपटॉपच्या टर्मिनलचं, सर्व्हरचं नव्हे. खोडत बसू नका, कंट्रोल-यूनं अख्खी ओळ पुसा. आणि नाव टाइप करू नका, सभासद क्रमांकानं फोल्डर करा म्हणून सेक्रेटरींना सांगा.