'धस्स', 'धसका', 'घोर' आणि 'टेन्शन'

प्रश्न: मी यवतमाळकडची आशा सेविका. बीपी तपासताना विचारलं की जो तो सांगतो, "लय टेन्शन हाय." म्हाताऱ्या बाया मात्र "जिवाले घोर लागला" म्हणतात, नाहीतर "काळजात धस्स झालं." हे सगळं एकच का?

प्रतिसाद: नाही ताई. 'टेन्शन'नं दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत.

'धस्स होणं' क्षणाचं. रात्री जागलीवर असताना तुरीत रानडुकराची खसफस झाली, की मेंदूतला हायपोथॅलॅमस अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांच्या जाळ्याला, जागं करतो. तिचे तंतू पाठीच्या कण्यातून निघून थेट मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात पोचतात आणि तिथून ॲड्रेनलिन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) रक्तात सुटतं. नाडी पळते, तोंडाला कोरड पडते, यकृत साखर मोकळी करतं. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलेला 'लढा किंवा पळा' प्रतिसाद तो हाच. डुक्कर गेलं की रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं. गाभ्यातल्या या पेशी मुळात चेतापेशींच्याच कुळातल्या, म्हणून चेता कुठे संपली आणि संप्रेरक कुठे सुरू झालं, हे इथे वेगळं काढताच येत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

'घोर' लागतो. कापूस घरात पडून आहे, भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय. इथे दुसरी, सावकाश चालणारी साखळीही कामाला लागते: हायपोथॅलॅमसकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला, पीयूषिकेकडून रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला, आणि मग तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. ते चढायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुरेसं झालं की कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला 'थांब' म्हणतं. पण काळजी हटतच नसेल तर हा लगाम ढिला पडू शकतो. झोप, रक्तदाब, साखर सगळ्यांवर परिणाम होतो. अर्थात घोरातही छाती धडधडते, दोन्ही वाटा एकमेकींत मिसळलेल्याच असतात.

प्रश्न: मग 'धसका'?

प्रतिसाद: तो 'बसतो' किंवा माणूस तो 'घेतो'. प्रसंग सरतो, भीती राहते. वीज पडताना पाहिलेला गडी पुढे नुसतं आभाळ गडगडलं तरी घामाघूम होतो, तो धसका. तपासणीला जाल तेव्हा "टेन्शन आहे का?" ऐवजी "घोर कायचा लागला, अन् कवापासून?" असं विचारून पाहा. झोप लागते का, हेही त्यातच निघेल.