हडपसरची लढाई (१८०२): दौलत बुडवली ती यशवंतरावांनी की बाजीरावाने?

शिलेदार

दिवाळी जवळ आली की कुणीतरी हडपसरच्या लढाईची आठवण काढतं आणि खाली तेच रडगाणं सुरू होतं. यशवंतराव होळकराने पुण्यावर चाल केली, पेशवा दुसरा बाजीराव वसईला पळाला, इंग्रज घरात आले. सबब मराठ्यांची दौलत यशवंतरावांनी बुडवली. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून धागा काढतोय.

मागचं थोडक्यात. सप्टेंबर १७९७ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या गोटावर छापा घातला आणि त्यात यशवंतरावांचे भाऊ दुसरे मल्हारराव मारले गेले. त्यांचा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावांच्या आणखी एका भावाला, विठोजींना, हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दौलतरावांच्या सासऱ्याने, सर्जेराव घाटग्याने, होळकरांचं इंदूर धुऊन नेलं. यशवंतरावांचं मागणं काय होतं? खंडेरावाला सोडा, होळकरांचा सरंजाम (जहागिरीचा मुलूख) परत करा. पुण्याने ऐकून घेतलं नाही.

मग ८ ऑक्टोबर १८०२ ला होळकरांच्या फत्तेसिंग मान्याने बारामतीजवळ पेशव्यांची फौज उधळली आणि २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसर-वानवडीच्या माळावर शेवटचा निकाल लागला. समोर शिंद्यांचे सदाशिवराव भास्कर बक्षी आणि जोडीला पेशव्यांची फौज. सकाळपासून तोफा चालल्या. होळकरांचा घोडा, म्हणजे घोडदळ, एकदा मागेही रेटला गेला. तेव्हा यशवंतराव स्वतः घोड्यावर बसले, आता यायचं तर माझ्यामागे या, नाहीतर पुन्हा कधी नाही, असं म्हणाले आणि थेट शत्रूच्या फळीवर घातले. शिंद्यांचा घोडा मोडला, मग पलटणी, मग तोफा गेल्या.

माझ्या मते मराठी घोडदळाने उघड्या मैदानात मिळवलेला हा शेवटचा मोठा विजय. पुढे बाजीरावाने जे केलं त्याचं माप यशवंतरावांच्या पदरात कशाला?

कंपूवाला

राजकारणाचं नंतर बघू. 'घोडदळाचा विजय' यालाच माझी हरकत आहे. होळकरांकडे कवायती पलटणीच चौदा होत्या, त्यांच्यावर व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग असे गोरे अंमलदार. समोर फ्रेंच सेनानी डी बॉइनने शिंद्यांसाठी उभारलेल्या जुन्या कंपूतल्या (कवायती फौजेतल्या) फक्त चार पलटणी, कप्तान डॉझच्या हाताखाली. बाकीच्या शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळ्यांच्या, कवायतीत कच्च्या. त्या कच्च्या पलटणींनी कच खाल्ली तेव्हाच बाजी फिरली होती. तोफांनी तासन् तास भाजून काढलेल्या फळीवर घोडा घालणं आणि ताज्या फळीवर घालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पानिपताच्या चाळीस वर्षांनंतर नुसत्या घोड्यावर लढाई जिंकता येत नव्हती हे महादजींना कळलं होतं आणि यशवंतरावांनाही. म्हणून तर त्यांनी कंपू उभे केले. तुम्ही मात्र त्यांना भालाफेक्या शूरवीर करून टाकताय.

पेठकर

कंपूवाल्यांशी सहमत. पण खरा प्रश्न जिंकल्यानंतरचा आहे. बाजीराव त्याच दिवशी सिंहगडाकडे पळाला. सिंहगड पुण्यापासून किती लांब? आणि होळकरांकडे २५ हजार घोडा! तिथून तो महाड, सुवर्णदुर्ग करत डिसेंबरात इंग्रजांच्या जहाजावरून वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला तह झाला. जवळपास दोन महिने! ज्यांच्या घोड्यांच्या वेगाचे तुम्ही गोडवे गाता त्यांना एक पळपुटा पेशवा सापडू नये? आणि मग काय, बाजीरावाच्या दत्तक भावाला, अमृतरावांना, पुढे केलं, त्यांच्या पोराला गादीवर बसवायचा घाट घातला, आणि पैसा संपल्यावर पुण्यातल्या सावकारांना पिळलं. आमच्या आळीत होळकर म्हटलं की आजही लोकांना ती लूट आठवते.

शिलेदार

@कंपूवाला, कंपू होते हे मी कुठे नाकारलं? पण चौदा पलटणी असूनही दुपारपर्यंत डॉझच्या चार पलटणी हटत नव्हत्या. त्या कुणी हटवल्या? डॉझ तिथेच पडला.

आणि एक गोष्ट तुम्ही सोडून देताय. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असतो. घोडा मेला की त्याची रोजी गेली, घरी तोंड दाखवायची चोरी. असा माणूस तोफेच्या तोंडावर घोडा सहसा घालत नाही. बाजूने झोंबतो, रसद मारतो, बुणग्यांवर (फौजेमागच्या बिनलढाऊ लोकांवर) तुटून पडतो. त्याला सरळ तोफांवर न्यायचं तर धन्याने पुढे असावं लागतं. यशवंतराव पुढे गेले म्हणून मागचे गेले. हे तोफांच्या हिशेबात कुठे बसतं?

@पेठकर, बाजीरावाला पकडायचं नव्हतंच, परत आणायचं होतं. लढाईनंतर शहरावर चौक्या बसवल्या, पेशव्याला 'परत या' म्हणून निरोप गेले. सरदाराने पेशव्याला बेड्या घातल्या असत्या तर तुम्हीच आज वेगळा धागा काढला असता.

नर्मदाकाठ

शिंद्यांच्या बाजूने कुणी बोलणार की नाही? इंदूर लुटलं हे खरं, पण त्याआधी जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या हेसिंगच्या पलटणी कापून काढल्या आणि शहराकडून जबर पैसा उकळला, हे धाग्यात कसं काय नाही? सर्जेराव हलकट होता, वाद नाही. त्याने शिंद्यांच्या घरच्या बायांनाही सोडलं नाही. पण दर खेपेला गोष्ट विठोजीपासून सुरू करायची आणि उज्जैन गाळायचं, याला इतिहास म्हणत नाहीत.

शिलेदार

उज्जैन राहिलं, मान्य. पण त्याने क्रम बदलत नाही. १७९७ आधी येतं.

संगमावरचा

एवढा वेळ सगळे होळकर, शिंदे आणि पेशवे करताय. त्या दिवशी पुण्यात चौथा माणूस होता: इंग्रजांचा रेसिडेंट (वकील) बॅरी क्लोज, मुळा-मुठेच्या संगमावरच्या बंगल्यात. बाजीरावाने पुणं सोडता सोडता आपल्या कारभाऱ्याकरवी क्लोजकडे कलमं पाठवली होती: सहा पलटणी तैनाती फौज ठेवतो, त्यांच्या खर्चाला पंचवीस लाखांचा मुलूख तोडून देतो. वसईत सही झाली ती जवळपास याच कलमांवर, मुलूख तेवढा २६ लाखांवर गेला. म्हणजे होळकरांचे स्वार त्याच्यामागे सिंहगडापर्यंत गेले की नाही हा प्रश्नच गौण. तह खिशात घेऊनच तो निघाला होता.

आणि क्लोज? तो पुढे महिनाभर पुण्यातच राहिला. यशवंतरावांनी त्याला बोलावून आदराने वागवलं, मध्यस्थी करा म्हणाले. म्हणजे दोन्ही भाऊबंद एकाच परक्याच्या ओसरीवर! यात शिलेदारांचे नायकही सुटत नाहीत.

पेठकर

हे मात्र खणखणीत. शिलेदार, क्लोजला मध्यस्थ करण्याचं समर्थन करून दाखवा.

कंपूवाला

मला घोड्याकडे परत यायचंय. घोडदळाची खरी परीक्षा हडपसरला झालीच नाही, कारण समोर आपलेच लोक आणि आपल्याच चुका. १८०४ बघा. इंग्रज सेनानी मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत रडवलं, ते अस्सल गनिमी काम, शाबासच. पण १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेजवळ इंग्रजांचा सरसेनापती लेक एका दिवसरात्रीत शंभर किलोमीटरच्या आसपास दौड मारून पहाटे थेट होळकरांच्या छावणीत घुसला. स्वार झोपेत, घोडे खुंट्यांना. वेगाचा धडा आपल्यालाच दिला गेला. आणि व्हिकर्सचं काय झालं? हडपसरला ज्याच्या पलटणींनी फळी धरली, त्याचं १८०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढत नाही म्हणाला म्हणून डोकं उडवलं. भाड्याचा कवायती अंमलदार आणि धन्यामागे धावणारा शिलेदार, हडपसरला दोन्ही एका दिवसापुरते जुळले.

शिलेदार

फर्रुखाबाद मान्य. पण त्याने हडपसर कमी होत नाही. पुढच्या पराभवाने मागचा विजय खोटा कसा ठरतो?

क्लोजबद्दल: समर्थन नाही करत, कारण सांगतो. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्यात असा कुणीच उरला नव्हता ज्याचा शब्द शिंदे, होळकर आणि पेशवा तिघेही मानतील. नाना फडणीस मार्च १८०० मध्ये गेले. अमृतरावांचं वजन किती, ते पुढे दिसलंच. इंग्रजांची पेन्शन घेऊन काशीला जाऊन राहिले. पेशवा पळालेला, छत्रपती साताऱ्यात नावाला. यशवंतरावांनी मध्यस्थी कुणाकडे मागायची होती, बाजीरावाच्या मर्जीतल्या बाळोजी कुंजराकडे?

संगमावरचा

नागपूरच्या भोसल्यांकडे. ते १८०३ मध्ये शिंद्यांबरोबर इंग्रजांशी लढायला उभे राहिलेच ना? तेव्हा यशवंतराव मात्र माळव्यात बसून बघत राहिले. असईची लढाई झाली, अडगावची झाली, डिसेंबरात दोघांनीही तह केले, आणि हे उतरले १८०४ मध्ये, एकटे. हडपसरच्या माळावर 'माझ्यामागे या' म्हणणारा माणूस त्या वर्षी कुणाच्या मागे गेला नाही.

शिलेदार

ज्या शिंद्यांनी भाऊ मारला, पुतण्या कैदेत ठेवला, त्यांच्या मागे? तुम्ही गेला असता का?

संगमावरचा

मी गेलो नसतो. पण मग दौलत बुडवल्याचं माप एकट्या बाजीरावाच्या पदरात घालायचा धागाही काढला नसता.