मिरवणुकीचा रस्ता, ई-क्लासवरचा झेंडा : गावातली भांडणं राजकारणानं मिटतात का?

धुरेकरी

दंगल झाली की एक वाक्य ठरलेलं असतं : 'बाहेरचे आले आणि पेटवून गेले.' पेटवायला त्यांना गावात काय सापडलं, हे कुणी विचारत नाही. विदर्भातल्या खेड्यात ते बहुतेक चार जागी सापडतं. मिरवणुकीचा रस्ता, कब्रस्तान-स्मशानाची हद्द, ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवरचा झेंडा किंवा चौथरा, आणि पांदण, म्हणजे शेताकडं जाणारी वाट. चारही गोष्टी टेप लावून मोजता येतात, पण असतात तोंडी ठरलेल्या. तोंडी ठरलेलं दर वर्षी नव्यानं ठरवावं लागतं, आणि दर वर्षी ठरवणारे बदलतात. दोन गट समोरासमोर बसून लिहितील, तर हे थांबेल.

त्यात पंचांग भर घालतं. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. आपल्याकडे अधिक मास ते अंतर भरून काढतो, पण तो सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. दोन अधिक मासांच्या मधल्या काळात सण चिकटले की चिकटूनच येतात. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला होती. 2024 आणि 2025 मध्ये एका दिवसाचं अंतर होतं. 2023 ला राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम जमातींनी जुलूस पुढं नेला, सरकारनं सुट्टीही 29 ला हलवली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं दोन्ही सण महिनाभर लांब गेले. म्हणजे तणावाची वर्षं आधीच मोजून ठेवता येतात, तरी शांतता समितीची बैठक सणाच्या तीन दिवस आधीच लागते.

उत्तर आयर्लंडमध्ये हाच प्रश्न होता : ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेची मिरवणूक कॅथॉलिक वस्तीतून जाणार की नाही? 1998 च्या कायद्यानं परेड्स कमिशन आलं. मिरवणुकीची सूचना 28 दिवस आधी द्यायची, विरोधी निदर्शनाची 14 दिवस आधी. वाद असेल तिथं रस्ता, वेळ, वाद्यं कमिशन ठरवतं. चर्चजवळून जाताना फक्त एका ढोलाचा ठेका, अशासुद्धा अटी घातल्या जातात. आपल्याकडचं 'मशिदीसमोर डीजे बंद' याहून वेगळं काय आहे? पोर्टाडाउनच्या गार्व्हाही रोडवरून ऑरेंज ऑर्डरची मिरवणूक 1997 नंतर गेलेली नाही. आधी त्यावरून जाळपोळ व्हायची. हे राजकारणानंच केलं. माणसांची मनं बदलायची वाट पाहिली नाही.

पऱ्हाटी

काहून भाऊ, कागद नाही म्हणून भांडण होते असं वाटते तुम्हाले? कागद लय हाय. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात निस्तार पत्रक हाय, वाजिब-उल-अर्ज हाय. जमीन महसूल संहितेचं कलम 161 अन् 165. गुरं कुठं चरतीन, वाट कोणत्या शेतातून जाईन, सारं त्यात लिहून असते. गावात किती जणांनी ते उघडून पाह्यलं? तलाठ्याले मागा, तो तुमच्याकडं असा पाहीन का जसं त्याचं सातबारा मागून राह्यले.

मुद्दा असा हाय का कागद मोडणाऱ्याले तोटा होत नाही. भडकाऊ भाषण केलं तर न्याय संहितेचं कलम 196 लागते. पण कोर्टानं दखल घ्याची असीन तर आधी सरकारची मंजुरी पाह्यजे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 217. मंजुरीची फाइल मंत्रालयात. अन् खटला उभा राह्यलाच तर कलम 360 नं सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं तो मागं घेऊ शकते. कुलूप राजकारण्याचं अन् किल्लीबी त्याचीच. तो भांडण काहून मिटवीन?

मधलीवेटाळ

दोघंही 'राजकारण' हा शब्द एकाच अर्थानं वापरताय. निवडणुकीचं राजकारण वेगळं आणि सत्तेची वाटणी करून देणारा करार वेगळा. दुसऱ्याचीही भलामण करायचं कारण नाही. लेबनॉन पाहा. 1943 पासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. संसदेत ख्रिश्चन-मुस्लीम प्रमाण 6:5, आणि आधार 1932 ची जनगणना. त्यानंतर तिथं अधिकृत जनगणनाच नाही, कारण आकडे बदलले तर वाटणी बदलेल! 1975 ते 1990 यादवी झाली. 1989 च्या ताइफ करारानं प्रमाण निम्मं-निम्मं केलं, 1991 ला माफीचा कायदा झाला, आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले.

बोस्नियात 1995 च्या डेटन करारानं अध्यक्षपद तिघांत वाटलं : बोस्नियाक, सर्ब, क्रोएट. ज्यू आणि रोमा नागरिकाला उभंच राहता येत नाही, हा भेदभाव आहे असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं 2009 मध्ये सांगितलं. करारानं गोळीबार थांबतो, हे खरं. पण ज्या ओळखीवरून लढाई झाली तीच पगारावर घेतली जाते.

निळी शाई

'दोन गट समोरासमोर बसून लिहितील' हे वाचून गंमत वाटली. समोरासमोर बसायला दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या लागतात. एक बाजू दुसरीच्या शेतात मजुरीला जाते, तिच्याच दुकानातून उधारीवर किराणा आणते. सही केली नाही तर दुसऱ्या दिवशी मजुरी बंद, चक्की बंद, विहीर बंद. याला समझोता म्हणायचं का?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली. बांधाची, वाटणीची भांडणं मिटवायला ती बरी होती, नाही म्हणत नाही. पण बक्षिसासाठी तंटे 'शून्य' दाखवायचे असले की सगळ्यात आधी कोणाची तक्रार दाबली जाईल? अॅट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, तरी समितीत 'घ्या समजून' चालतंच. खैरलांजीचं दलित कुटुंबाचं हत्याकांड (मोहाडी तालुका, 29 सप्टेंबर 2006) विसरू नका. शेतातल्या रस्त्याचा जुना वाद त्या प्रकरणातही होता. धुरेकरींच्या यादीतली पांदणच ती. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटीचा आरोप मान्य केला नाही. टेप लावून ते मिटलं असतं का?

धुरेकरी

नसतं. हा मुद्दा मान्य, जिथं एक बाजू दुसरीवर पोटासाठी अवलंबून आहे तिथं आधी कायदा, मग समझोता. माझं म्हणणं दोन वस्त्यांमधल्या सणांच्या भांडणापुरतं घ्या.

तिथं बैठक बिघडते ती माणसांच्या निवडीवरून. ठाण्यात बोलावतात तेच पांढऱ्या केसांचे दहा जण. मंडळाचा वीस वर्षांचा अध्यक्ष नाही, डीजेवाला नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन नाही. चहा, फोटो, आवाहन. माझ्या मते असं करावं :

महिनाभर आधी दोन्हीकडचे पाच-पाच जण, त्यातले निम्मे पंचविशीच्या आतले, ठरलेला रस्ता पायी चालून पाहतात. वाद्य कुठल्या खांबापासून बंद आणि कुठल्या खांबापासून सुरू, हे खांबाच्या नंबरानं लिहायचं. 'मशिदीजवळ' लिहू नका, जवळ म्हणजे किती यावरूनच दगड पडतो. नमाजच्या वेळेला मिरवणूक कुठं असेल, ते घड्याळानं लिहायचं. डीजेची गाडी कोण थांबवणार, त्याचं नाव लिहायचं. प्रती ठाणेदार, तहसीलदार, पोलीस पाटील आणि दोन्ही मंडळांकडं. ठाणेदार बदलून गेला तरी कागद राहतो. शेवटी ग्रामसभेचा ठराव.

मधलीवेटाळ

ग्रामसभेत नेलंत आणि सगळं घालवलंत! गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. पंधरा घरांची वस्ती हात वर करून कधी जिंकणार? तुमच्या उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत ठरावीक निर्णयांना दोन्ही गटांचा वेगवेगळा होकार लागतो, तेवढा भाग तुम्ही सोडलात.

धुरेकरी

बरोबर, सोडला. ग्रामसभा फक्त नोंद घेईल, बदल मात्र दोन्ही वस्त्यांच्या सह्यांशिवाय नाही, हे कागदातच लिहावं लागेल. कायद्यानं ते बंधनकारक होत नाही, पण कोणी मोडलं तर ठाणेदाराला परवानगी नाकारायला लेखी कारण मिळतं. आणि एक लक्षात घ्या, तिथली विधानसभा 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 बंद पडली. परेड्स कमिशन चालूच होतं, कारण ते त्या विधानसभेतल्या पुढाऱ्यांच्या हातात नाही.

पऱ्हाटी

मंग तुम्हीच सांगून राह्यले का पुढारी बाजूला केला तवा जमलं.

धुरेकरी

बाजूला करणारा कायदाही पुढाऱ्यांनीच केला ना, भाऊ.

निळी शाई

आपल्याकडं तो कायदा कोण आणेल ते नंतर पाहू. तोवर एक करा : खांबांचे नंबर लिहिताना 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा रस्ताही त्याच कागदावर घ्या. तिथं सही करायला किती जण तयार होतात, ते इथं येऊन सांगा.