अंडर-१७ इंडिया टीम : २०१७ चा तो एक गोल सोडला तर आपला रेकॉर्ड नक्की आहे काय?

बाकावरचा_गडी

२०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटी अहमदाबादला आपल्या अंडर-१७ पोरांनी इराणला २-१ हरवून २०२६ च्या आशिया कपचं तिकीट काढलं, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर वाट्टेल ते फिरतंय. एकजण म्हणतो आशिया कपला पहिल्यांदाच चाललोय, दुसरा म्हणतो अरे २०१७ ला वर्ल्ड कप खेळून झालाय त्यात आशिया कपचं काय कौतुक, आणि तिसऱ्याचं म्हणणं की सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) उठसूट आपणच जिंकतो तर मग पुढे गेलं की फेफे का उडते. मी सीनियर टीम बघतो, आयएसएल बघतो, पण युथवाल्यांकडे कधी नीट लक्ष दिलं नाही. २०१७ च्या वर्ल्ड कपमधला जीक्सनचा तो हेडर सोडला तर डोक्यात काहीच नाही. कोणी सांगेल का ही टीम आजवर कुठवर पोचलीय, आणि २०१७ ची बॅच खरंच सगळ्यात भारी होती की घरचा वर्ल्ड कप म्हणून उदोउदो झाला? विकिपीडियाची लिंक टाकू नका प्लीज, तक्ता मलाही वाचता येतो.

ऑफसाइड_काका

पहिल्यांदा-बिहिल्यांदा काही नाही, आशिया कप आपण बऱ्याचदा खेळलोय, आधी त्याला अंडर-१६ चॅम्पियनशिप म्हणायचे म्हणून लोकांचा घोळ होतो. २००२ मध्ये क्वार्टर फायनलपर्यंत गेलो होतो, तिथे साउथ कोरियाने घरी पाठवलं. कोरियाचं नाव लक्षात ठेव, पुढे परत येतंय.

२०१७ चा वर्ल्ड कप आपण यजमान होतो म्हणून खेळलो, क्वालिफाय होऊन नाही. एक वर्ष आधी, २०१६ ला, आशियाई स्पर्धासुद्धा गोव्यातच होती, तिथे यूएईकडून २-३ हरलो, सौदीशी ३-३ आणि इराणकडून ०-३, म्हणजे ग्रुपमध्येच कारभार आटोपला. मग जर्मन कोच निकोलाय अॅडम गेले, पोर्तुगालचे नॉर्टन डी मातोस आले, वर्ल्ड कपला वर्षही उरलं नव्हतं. एवढ्या वेळात त्यांनी बचाव बांधला हेच खूप झालं. अमेरिकेकडून ०-३ हरलो तो स्कोअर बघून वाटतं धुतलं, पण शेवटाकडे अन्वर अलीचा शॉट क्रॉसबारला लागून परत आला आणि त्याच काउंटरवर त्यांनी तिसरा मारला. १-२ व्हायचं ते ०-३ झालं.

कोलंबियाची मॅच मात्र परत शोधून बघ. पहिल्या हाफमध्ये राहुल केपीचा बॉल पोस्टला लागला, इकडे धीरज सिंग गोलमध्ये अंग झोकून देत होता. ४९ व्या मिनिटाला त्यांच्या पेनालोसाने गोल मारला. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर, जीक्सन सगळ्यांच्या वर उठला आणि डोक्याने आत, फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि पुढच्याच मिनिटाला, ८३, परत तोच पेनालोसा मागे मोकळा सापडला. पोरं अजून सेलिब्रेशनमध्येच होती, लाइन कुठे, मिडफिल्ड कुठे, कशाचा कशाला पत्ता नाही. त्या साठ सेकंदांत अख्खी टीम कळते बघ, जिगर होती, मोठ्या मॅचची सवय नव्हती. शेवटी घानाने ४-० केलं, त्यातले दोन ८६ आणि ८७ ला, तोवर पायातला जीवच गेला होता.

म्हणजे तीन मॅच तीन हार, एक गोल मारला नऊ खाल्ले. वाईट टीम नव्हती, पण सगळ्यात भारी नाही. सगळ्यात भारी २०१८ वाली, कोच बिबियानो फर्नांडिसची.

बाकावरचा_गडी

२०१८? ही कुठली? मी तर नावही ऐकलं नाही

ऑफसाइड_काका

कोणीच नाही ऐकलं, हीच तर रड आहे. ती स्पर्धा मलेशियात होती. त्याआधी ऑगस्टमध्ये जॉर्डनला याच पोरांनी इराकला १-० हरवलं होतं, आणि इराक त्या वयोगटातला तेव्हाचा आशियाई चॅम्पियन. मलेशियात व्हिएतनामला १-० हरवलं, विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी. मग इराण ०-०, नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशिया पण ०-०. ग्रुपमध्ये एकही गोल खाल्ला नाही! क्वार्टर फायनलला समोर कोण, तर साउथ कोरिया. जिंकलो असतो तर २०१९ चा वर्ल्ड कप, कारण सेमीफायनलचे चारही जात होते. ६८ व्या मिनिटापर्यंत ०-० धरून ठेवलं आणि मग एक गोल खाल्ला. ०-१. घरच्या मैदानाची पुण्याई नाही, यजमानपदाची सवलत नाही, स्वतःच्या पायावर वर्ल्ड कपच्या दारात उभे होतो. आणि ते कोरियावाले पुढे त्या वर्ल्ड कपला क्वार्टर फायनलपर्यंत गेले, म्हणजे सोमेगोमे नव्हते.

मापात_बोला

काका, कौतुक ठीक पण पूर्ण सांगा की. त्या स्पर्धेत चार मॅचमध्ये आपला गोल किती? एक. तोही पेनल्टीवर. ओपन प्लेमधून शून्य. सगळे दहाजण बॉलच्या मागे उभे करून ०-० काढणं ही पण कला आहे, नाही म्हणत नाही, पण कोरियासारख्यांसमोर एक चूक झाली की खेळ खल्लास कारण परतफेड करायला तुमच्याकडे काहीच नाही. आणि बिबियानोलाही हे कळलं असणार, कारण २०२३ ला थायलंडमध्ये त्याचीच टीम एकदम उलटी खेळली. व्हिएतनाम १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, आणि शेवटची जपानशी मॅच ४-८!! जपानला चार गोल मारले राव, जो पुढे ती स्पर्धा जिंकला. पण आठ खाल्ले. फुटबॉल आहे की हॉकी कळेना. मला विचाराल तर ती ४-८ मला २०१८ च्या ०-० पेक्षा जास्त आवडते, निदान पोरं बॉल पायात ठेवून पुढे जात होती.

सॅफचं म्हणाल तर २०१९ ला फायनलमध्ये नेपाळला ७-० मारलं. सात! अशा मॅचमधून काय शिकणार? दोन आठवडे ज्याच्यावर प्रेशरच येत नाही त्या डिफेंडरला जपानचा विंगर अंगावर आल्यावर आश्चर्यच वाटणार. ट्रॉफी कपाटात छान दिसते, बाकी काही नाही. अलीकडे मात्र बांगलादेश टक्कर देतोय, २०२५ ची फायनल २-२ होऊन पेनल्टीवर गेली, ते जास्त कामाचं.

पेठेतला_राइट_विंग

कोल्हापूरकर बोलणार आता. २०१७ च्या टीममध्ये आमचा अनिकेत जाधव होता हे कुणी लिवलंच नाही, निषेध. इथं पेठेपेठेत तालमीच्या टीमा, शाहू स्टेडियमला पाटाकडील-दिलबहार असली की कामधंदे बंद, पण इंडियाच्या जर्सीत वर्ल्ड कपला उतरलेला पोरगा म्हणजे नाद खुळा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतनं तयार झाला त्यो. टीममध्ये आठ पोरं मणिपूरची हुती, आपल्या महाराष्ट्राची मोजायला एका हाताची बोटं पण जास्त.

आता खरा मुद्दा. सतरा वर्षापर्यंत कॅम्प, परदेश दौरे, सगळं मिळतंय, अठराव्याला काय? २०१७ च्या पोरांची इंडियन अॅरोज नावाची टीम करून आय-लीगमध्ये, म्हणजे मोठ्या क्लबांच्या लीगमध्ये उतरवलं ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट झाली. पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला ३-० हाणलं, त्यात अनिकेतचे दोन. मोठ्या माणसांबरोबर खांद्याला खांदा लावून ९० मिनिटं खेळलं की पोरगं तयार हुतंय. म्हणून त्या बॅचमधनं जीक्सन, अन्वर अली, सुरेश वांगजाम सीनियर इंडियाला खेळले, धीरजनं एफसी गोव्याकडनं आशियाची चॅम्पियन्स लीग गाजवली. अन्वरला तर मध्येच हृदयाचा आजार निघाला, खेळू नको म्हणून सांगितलं, त्यातनं परत आला गडी. आणि २०२२ ला अॅरोज बंद करून टाकली. आता नव्या पोरांनी आयएसएलच्या बेंचवर बसून टाळ्या वाजवायच्या का?

बाकावरचा_गडी

वा, अॅरोजचं माहीत नव्हतं. म्हणजे २०१७ ची बॅच रिझल्टमध्ये मागे पण खेळाडू जास्त दिले तिने, असं म्हणायचं का?

मापात_बोला

हो, आणि त्याचं कारण पेठेवाल्यांनी बरोबर पकडलं, मॅच मिळाल्या. २०१८ मधला विक्रम प्रताप मुंबई सिटीला दिसतो, पण अख्खी बॅच म्हणून ती टीम एकत्र वर आलीच नाही.

लेफ्टी_लेट_आली

सगळ्यात कमनशिबी बॅच विसरलात तुम्ही. २०१९ मध्ये ताश्कंदला क्वालिफायर झाले, बहरीनला ५-०, तुर्कमेनिस्तानला ५-०, आणि यजमान उझबेकिस्तानशी त्यांच्याच घरी १-१, ग्रुपमध्ये पहिला नंबर. मुख्य स्पर्धा २०२० ला बहरीनमध्ये होती. कोविडमुळे पुढे ढकलली, परत ढकलली, शेवटी रद्दच. सतरा वर्षांखालची टीम म्हणजे पुढच्या वर्षी वय निघून गेलं की संपलं, त्या पोरांना दुसरी संधी नाहीच. ती टीम किती चांगली होती याचं उत्तर आता कोणालाच मिळणार नाही.

आणि मूळ प्रश्नाचा अजून एक भाग, या वेळी आशिया कपचं कौतुक का. नियम बदललेत. अंडर-१७ वर्ल्ड कप आता दरवर्षी असतो, २०२५ पासून २०२९ पर्यंत कतारमध्ये, आणि २४ च्या जागी ४८ टीम. आशिया कपच्या क्वार्टर फायनलला पोचलात की वर्ल्ड कप पक्का. म्हणजे २०१८ ची टीम आजच्या नियमाने कोरियाशी हरूनही गेली असती 🙃

मागच्या वेळी आपण आशिया कपपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो, २०२४ च्या क्वालिफायरला थायलंडने ३-२ हरवलं. या वेळी सातच ग्रुप आणि प्रत्येकातून फक्त पहिला नंबर. आपण पॅलेस्टाइनशी १-१, तैवानला ३-१, मग लेबनॉनकडून ०-२ खाऊन बसलो, त्यामुळे शेवटच्या मॅचला इराणला हरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि पहिला गोल इराणचाच. हाफ टाइमच्या तोंडावर आपल्या गांगटेने पेनल्टीवर बरोबरी केली, ब्रेकनंतर गुनलेइबाने दुसरा मारला आणि मग उरलेला वेळ नुसता जीव मुठीत. कोच परत बिबियानोच.

मापात_बोला

मागे पडून जिंकले हे महत्त्वाचं. २०१८ वाल्यांना जमलं नसतं.

ऑफसाइड_काका

बरं बाबा, मान्य नाही पण पुढे चल.

लेफ्टी, पोरींच्या टीमचं पण लिही ना कोणी. २०२२ चा अंडर-१७ वर्ल्ड कप पण आपल्याकडेच होता, अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५, एकही गोल नाही, तेव्हा सगळ्यांनी टिंगल केली होती.

लेफ्टी_लेट_आली

लिहिते, पण वेगळा धागा काढते. पोरींच्या अंडर-१७ टीमने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, पोरांच्या दीड महिना आधी, बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून आशिया कप गाठलाय, आणि तोही मैदानावर जिंकून. त्याचा एक मेसेज तरी आला का तुमच्या ग्रुपवर?

बाकावरचा_गडी

नाही आला 😐 धागा काढलात की इथे सांगा.